अष्टपैलू म्हणण्यापूर्वी

'अष्टपैलू' हा शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो. बक्षीससमारंभात वापरतो, निरोपसमारंभात वापरतो. फार काय, लग्नाच्या बाजारात मुलीची माहिती सांगतानाही तो उपयोगी पडतो. मुलगी थोडी गाते, बऱ्यापैकी धावते, वक्तृत्वात एखादे उत्तेजनार्थ पारितोषिक मिळवते, की झाली ती अष्टपैलू. आणि गंमत अशी की, याच आपल्या भाषेत 'एक ना धड भाराभर चिंध्या' अशीही म्हण आहे. माणूस तोच, धावपळ तीच. यश आले तर पैलू, नाही आले तर चिंध्या. दोन्ही वेळा एक साधा प्रश्न विचारायचा आपण विसरतो : या माणसाला इतक्या ठिकाणी जावे का लागले?

हा प्रश्न माझ्या मनात आला तो मिल्ड्रेड डिड्रिक्सन या अमेरिकन खेळाडूची हकीगत वाचताना. जग तिला 'बेब' या नावाने ओळखते. बास्केटबॉल, धावणे, उड्या, भालाफेक, बेसबॉल, बिलियर्ड्स, टेनिस आणि शेवटी गोल्फ, असा तिचा प्रवास. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने १९५० साली विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सर्वश्रेष्ठ महिला खेळाडू म्हणून तिची निवड केली. तिच्यावर लिहिणारे बहुतेक सारे तिला निसर्गाचा चमत्कार मानतात. चमत्कार ती होतीच. ते नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. परंतु वाचता वाचता माझे असे मत झाले की, बेबचे अष्टपैलुत्व जितके तिच्या अंगच्या गुणांतून आले, तितकेच ते तिच्या तोंडावर लागलेल्या दारांतूनही आले. एका खेळात बाईमाणसाला पोट भरता येत नव्हते म्हणून ती दुसऱ्यात गेली. तिथून बाहेर काढली गेली म्हणून तिसऱ्यात. हे मत कोणाला कडवट वाटेल. म्हणून तिची हकीगतच जरा तपशिलाने सांगते.

बेबचा जन्म २६ जून १९११ रोजी टेक्सास राज्यातील पोर्ट आर्थर या बंदरगावी झाला. (ती स्वतः मात्र पुढे जन्मसाल १९१४ असेही सांगे. स्वतःविषयी चार गोष्टी वाढवून सांगण्याची तिला खोडच होती आणि तिच्या चरित्रकारांना ती अजून निस्तरावी लागते.) आईबाप नॉर्वेहून आलेले, बाप सुतारकाम करणारा, सात भावंडांत ही सहावी. १९१५ च्या मोठ्या वादळानंतर हे बिऱ्हाड जवळच्या बोमाँट गावी आले. घरात पैसा बेताचाच, पण बापाने परसात मुलांसाठी व्यायामाची साधने स्वतःच्या हाताने उभी केली होती. झाडूच्या दांड्याच्या दोन टोकांना इस्त्र्या बांधून उचलायचे वजन तयार केले होते. वाण्याच्या दुकानी जाताना बेब रस्त्याकडेच्या घरांची झुडपांची कुंपणे एकामागून एक ओलांडीत पळत जाई. त्यांतले एक कुंपण इतरांहून उंच होते, तर तिने त्या घरमालकाला ते छाटायची विनंती केली आणि त्या भल्या गृहस्थाने ते छाटले! शिवणकामातही तिचा हात चांगला होता आणि त्यातही तिने बक्षीस मिळवले, हे जाता जाता सांगून ठेवते. कारण पुढे जे लोक तिला 'ही बाई आहे तरी का?' असे विचारू लागले, त्यांना ते माहीत नसावे.

१९३० साली डलासच्या एम्प्लॉयर्स कॅज्युअल्टी या विमा कंपनीचे मॅककॉम्ब्ज नावाचे अधिकारी तिला घेऊन गेले. नोकरी टंकलेखिकेची, पगार महिना ७५ डॉलर. खरे काम कंपनीच्या 'गोल्डन सायक्लोन्स' या बास्केटबॉल संघातून खेळण्याचे. आपल्याकडे रेल्वेचे, बँकांचे, पोलीस खात्याचे संघ असतात, त्यामुळे ही व्यवस्था आपल्याला परकी वाटू नये. या संघाने १९३१ साली राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. परंतु खेळाचा म्हणून पगार घ्यायचा नाही. घेतला तर तुम्ही 'हौशी' राहत नाही आणि हौशी नसलात तर स्पर्धा बंद. म्हणून कागदोपत्री टंकलेखन. बेबच्या आयुष्यातला हा पहिला देखावा. पुढे तिला असे बरेच देखावे करावे लागले.

आता तो सुप्रसिद्ध दिवस, १६ जुलै १९३२. इलिनॉय राज्यातील इव्हान्स्टन येथे मैदानी खेळांच्या राष्ट्रीय स्पर्धा होत्या आणि त्यांतूनच लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकसाठी निवड व्हायची होती. ठिकठिकाणच्या क्लबांचे संघ आले होते. डलासच्या विमा कंपनीचा संघ म्हणून मैदानात आली ती एकटी बेब. दहापैकी आठ प्रकारांत तिने नाव दिले होते. दुपारच्या दोनतीन तासांत ती इकडून तिकडे नुसती धावत होती. एका प्रकाराचा श्वास खाली बसतो न बसतो तो दुसऱ्याचा पुकारा. गोळाफेक, भालाफेक, बेसबॉलफेक, लांब उडी आणि ८० मीटर अडथळ्यांची शर्यत या पाच प्रकारांत तिचा पहिला क्रमांक आला. उंच उडीत जीन शायली हिच्याबरोबर तिची बरोबरी झाली, थाळीफेकीत ती चौथी आली. एकटीचे गुण झाले ३०. दुसऱ्या क्रमांकाच्या इलिनॉय महिला क्लबाच्या संघात २२ जणी होत्या आणि त्यांचे सर्वांचे मिळून गुण २२. एका मुलीने बावीस मुलींचा संघ हरवला.

ही हकीगत वाचताना अंगावर काटा येतो, खरे आहे. पण जरा थांबून विचार केला, तर ती आठ ठिकाणी का धावत होती? मॅककॉम्ब्ज यांना कंपनीच्या नावाचा गाजावाजा हवा होता. एक मुलगी एका प्रकारात पहिली आली, तर वर्तमानपत्रात एक ओळ. एकटीने सांघिक अजिंक्यपद जिंकले, तर सारे पान. बेब हे पुरते ओळखून होती आणि तिला ते आवडतही होते. ती काही बिचारी, बापुडवाणी मुलगी नव्हती. खेळाडूंच्या खोलीत शिरून 'आज दुसरा नंबर कोणाचा येणार?' असे विचारणारी ती अतिशय आढ्यताखोर मुलगी होती, असे तिच्याबरोबर खेळलेल्या कितीतरी जणींनी सांगून ठेवले आहे.

ऑलिंपिकमध्ये मात्र तिला तीनच प्रकारांत उतरता आले, कारण नियम तसा होता. तिथे स्त्रियांसाठी मैदानी प्रकार होते अवघे सहा. १९२८ साली ॲमस्टरडॅमला स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली. शर्यतीअखेर काही जणी दमून खाली बसल्या, तेवढ्यावरून बायकांच्या प्रकृतीला हे झेपत नाही असे ठरले आणि ती शर्यत बंद झाली, ती थेट १९६० पर्यंत. पुरुष दमून पडला तर त्याने पराक्रमाची शर्थ केली. बाई दमली तर तिची शर्यतच रद्द! असो. भालाफेकीत बेबने पहिल्याच फेकीत सुमारे ४३.७ मीटरचे अंतर गाठून सुवर्णपदक घेतले. अडथळ्यांच्या शर्यतीत ११.७ सेकंदांचा जागतिक विक्रम करून दुसरे. उंच उडीत पुन्हा तीच जीन शायली आणि पुन्हा बरोबरी. मग जादा उड्या झाल्या, त्यांतही दोघी सारख्याच ठरल्या. तेव्हा पंचांनी जाहीर केले की बेबचे डोके शरीराच्या आधी दांडीपलीकडे जाते आणि ते नियमबाह्य आहे. त्याच पद्धतीने ती सारा वेळ उड्या मारीत होती, पण पंचांना ते शेवटी दिसले. विक्रम दोघींच्या नावावर, सुवर्णपदक शायलीला, रौप्यपदक बेबला.

एकवीस वर्षांची मुलगी दोन सुवर्णपदके आणि एक रौप्यपदक घेऊन घरी येते. पुढे काय? इथून पुढची तीन वर्षे तिच्या चरित्रात सहसा घाईने उरकतात. मला ती सर्वांत महत्त्वाची वाटतात.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात डॉज मोटारीच्या एका जाहिरातीत तिचे नाव आणि छायाचित्र झळकले. आपल्याला विचारले नव्हते असे तिचे म्हणणे. हौशी खेळाडूंच्या संघटनेने तिला निलंबित केले. पुढे हा आरोप दूर झाला, तथापि तोवर ती कंटाळून गेली होती. तिने स्वतःच व्यावसायिक होण्याचे ठरवले. पण व्यावसायिक म्हणजे कशात? बाईने भाला फेकला म्हणून जगात कोणीही तिला पैसे देत नव्हते. स्त्रियांच्या व्यावसायिक संघांची स्पर्धा कुठेही नव्हती. मग ती मोटारींच्या प्रदर्शनात गाड्यांजवळ उभी राहून सह्या देऊ लागली. शिकागोच्या पॅलेस नाट्यगृहात करमणुकीच्या कार्यक्रमात तिने माउथ ऑर्गन वाजवला, गाणे म्हटले, रंगमंचावर सरकत्या पट्ट्यावर धावून दाखवले. पैसे बरे मिळत, पण उघड्या हवेवाचून तिचा जीव घुसमटे, म्हणून ते तिने लवकरच सोडले. मग स्वतःच्या नावाचा बास्केटबॉल संघ घेऊन गावोगाव फिरली. बिलियर्ड्सच्या प्रदर्शनीय लढती खेळली. १९३४ च्या वसंतात तिने मोठ्या व्यावसायिक बेसबॉल संघांच्या सराव सामन्यांत एकेक डाव चेंडू टाकला, आणि त्या उन्हाळ्यात 'हाउस ऑफ डेव्हिड' या दाढीवाल्यांच्या धार्मिक पंथाच्या बेसबॉल संघाबरोबर गावोगाव हिंडली. सामन्याच्या आरंभी एकदोन डाव चेंडू टाकायचे, लोकांनी 'हीच ती' म्हणून पाहून घ्यायचे आणि मोटारीत बसून पुढच्या गावाला निघायचे, असा तो रोजचा क्रम.

आपल्याकडे सर्कस गावात आली की तंबूबाहेर हत्ती उभा करतात. त्या हत्तीचे काम आता ती करीत होती. जागतिक विक्रम करणारी बाई! तिच्या अष्टपैलुत्वाची जी लांबलचक यादी आपण कौतुकाने वाचतो, तिच्यातले निम्मे खेळ या वणवणीतून आलेले आहेत. आणि मिळकतीतला मोठा हिस्सा ती घरी पाठवीत होती, आईवडील आणि भावंडे यांच्यासाठी.

वर्तमानपत्रांचे काय? खेळाची पाने तिच्यावर पोसली गेली आणि उलटली तीच पाने. न्यूयॉर्कच्या एका नावाजलेल्या क्रीडालेखकाने या अर्थाचे लिहिले की, तिने आणि तिच्यासारख्या इतरांनी घरी बसावे, नटूनथटून टेलिफोनची घंटा वाजण्याची वाट पाहावी, तेच बरे. दुसऱ्या एकाने तिच्या स्नायूंवरून आणि आखूड केसांवरून तिच्या बाईपणाबद्दलच शंका घेतल्या. नदीत पोहणाऱ्याला काठावरून 'तुला चालता येत नाही' म्हणण्यासारखेच हे.

अशा वेळी तिने गोल्फ निवडला. तिने तो का निवडला याची उत्तरे पुष्कळ दिली जातात. मला त्यांतले व्यवहाराचे उत्तर पटते. ज्या थोड्या खेळांत बाईने खेळणे अमेरिकेत शोभिवंत मानले जाई, त्यांतला तो एक होता. परंतु तो होता श्रीमंत क्लबांतल्या बायकांचा. १९३५ साली ह्यूस्टनला टेक्सास राज्याची हौशी महिलांची स्पर्धा झाली. ट्रक हाकणाऱ्यांच्या मुली आमच्या स्पर्धेत नकोत, असे पेगी चँडलर नावाच्या प्रतिष्ठित खेळाडूने म्हटल्याचे सांगतात. अंतिम सामन्यात बेबने हरवले ते याच बाईंना. त्यासाठी ती रोज हजार हजार चेंडू मारी, हाताला फोड येऊन रक्त आले की पट्टी गुंडाळून पुन्हा मारी, असे ती सांगत असे. हजार हा आकडा तिच्या खोडीचा भाग म्हणून निम्मा धरला तरी मला एक गोष्ट स्पष्ट दिसते : हे चंचल माणसाचे लक्षण नव्हे. 'तिला एका जागी बसवतच नसे' असे म्हणणाऱ्यांना माझे एवढेच उत्तर आहे. एका खेळात जीव ओतायला ती केव्हाही तयार होती. एका खेळाने तिला ठेवून घ्यायला हवे होते.

गोल्फनेही ठेवून घेतले नाही. स्पर्धा जिंकून काही आठवडे होतात न होतात, तोच गोल्फच्या संघटनेने तिला व्यावसायिक ठरवले. कारण काय, तर तिने दुसऱ्या खेळांत पैसे घेतले होते! आणि व्यावसायिक बाईला खेळायला गोल्फच्या खुल्या स्पर्धा होत्या किती? बोटांवर मोजण्याइतक्या. मग पुन्हा प्रदर्शनीय सामने, जीन साराझेन या विख्यात गोल्फपटूबरोबर गावोगाव दौरा. १९३८ च्या जानेवारीत ती लॉस एंजेलिसला चक्क पुरुषांच्या स्पर्धेत उतरली. तिथे तिच्याबरोबर एका गटात खेळायला दिले होते एक धर्मशास्त्राचे प्राध्यापक आणि एक कुस्तीगीर. ती पुढच्या फेरीला गेली नाही, पण वर्षअखेरीस त्या कुस्तीगिराशी, जॉर्ज झहारियस याच्याशी, तिचे लग्न झाले.

या लग्नाचा तिच्या खेळाशी एक फार विचार करण्याजोगा संबंध आहे. गोल्फमध्ये पुन्हा 'हौशी' व्हायचे तर तीन वर्षे खेळातून एक पैसाही घ्यायचा नाही, अशी अट होती. नवऱ्याची कमाई चांगली होती म्हणून ती हे करू शकली. या मधल्या काळात तिने टेनिसचा इतका सराव केला की स्पर्धेत उतरायची तयारी झाली. तेव्हा टेनिसवाल्यांनी सांगितले, तुम्ही व्यावसायिक आहात, तुम्हाला मनाई आहे. म्हणजे त्याही दाराची कडी लागली. १९४३ च्या जानेवारीत तिला हौशीपण परत मिळाले. हौस ही खाऊनपिऊन सुखी माणसाची असते, हे त्या नियमाने जितके स्वच्छ सांगितले तितके कोणत्याही टीकाकाराने सांगितले नसेल. सुताराची मुलगी हौशी होऊ शकत नव्हती; कुस्तीगिराची बायको होऊ शकली.

त्यानंतरचा विजयांचा इतिहास मोठा आहे. मी तो थोडक्यात सांगते. १९४६ साली अमेरिकेचे हौशी महिला अजिंक्यपद. १९४७ साली स्कॉटलंडमधील गलन येथे ब्रिटिश हौशी अजिंक्यपद, जे १८९३ पासून एकाही अमेरिकन स्त्रीला मिळाले नव्हते. त्याच वर्षी ती पुन्हा व्यावसायिक झाली. १९४८ आणि १९५० साली तिने अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. लक्षात घ्या, १९४३ नंतर तिने एकही नवा खेळ धरला नाही.

१९५० साली बेब, पॅटी बर्ग, लुईस सग्ज आणि इतर, अशा तेरा जणींनी मिळून महिला व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना स्थापन केली. आधीची एक संघटना बुडालेली होती. या तेरा जणी स्वतः मोटारी हाकीत एका गावाहून दुसऱ्या गावाला जात, मैदानाची आखणी करीत, गुण मांडीत, स्पर्धेच्या प्रचारासाठी भाषणे करीत, धनादेशांवर सह्याही करीत. ही संघटना आजही चालू आहे आणि जगभरच्या मुली तिच्या स्पर्धांतून आपले पोट भरतात. माझ्या मते बेबच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम हे आहे. लॉस एंजेलिसची पदके त्याच्या खालोखाल. तिथपर्यंत ती दुसऱ्यांच्या दारांवर धडका देत होती, इथे तिने आणि तिच्या मैत्रिणींनी स्वतःचे घर बांधले. तिच्या बाबतीत 'अष्टपैलू' या शब्दाची इतकी सवय झाली आहे की हे तिचे काम त्या शब्दाखाली झाकून जाते.

१९५३ च्या एप्रिलमध्ये तिला आतड्याचा कर्करोग असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया करून रोगग्रस्त भाग काढला आणि मलविसर्जनासाठी पोटावर वेगळी वाट करावी लागली. रोग पुढे पसरल्याचे डॉक्टरांना दिसले होते, पण ते तिला सांगितले नाही. ज्या काळात या रोगाचे नावही लोक कुजबुजत घेत, त्या काळात ती वर्तमानपत्रांतून, नभोवाणीवरून त्याबद्दल उघड बोलली, रुग्णांना भेटत राहिली. शस्त्रक्रियेनंतर सुमारे साडेतीन महिन्यांत ती स्पर्धेत उतरली. १९५४ साली मॅसॅच्युसेट्समधील सेलम क्लबाच्या मैदानावर तिने अमेरिकेची खुली स्पर्धा तिसऱ्यांदा जिंकली, तीही बारा फटक्यांच्या फरकाने. शेवटच्या दिवशी ३६ खड्ड्यांचा खेळ होता. निरोगी माणसाचेही पाय भरून यावेत. दोन वर्षांनी, २७ सप्टेंबर १९५६ रोजी, गॅल्व्हेस्टन येथे ती वारली. तिचे वय ४५ वर्षांचे होते.

एवढे सारे सांगून मी तिची मूर्ती घडवीत आहे असे मात्र कोणी समजू नये. १९३२ च्या ऑलिंपिक संघात टायडी पिकेट आणि लुईस स्टोक्स या दोन कृष्णवर्णीय मुली होत्या. लॉस एंजेलिसला जाताना आगगाडीत आपण निजलो असता बेबने आपल्या अंगावर बर्फाच्या पाण्याचे भांडे ओतले, असे पिकेटने पुढे सांगितले आहे. डेन्व्हरच्या हॉटेलात या दोघींना इतरांबरोबर जेवायला बसू दिले नाही, आणि लॉस एंजेलिसला पोचल्यावर चौघींच्या शर्यतीतून वगळून त्यांच्या जागी गोऱ्या मुली धावल्या. बेबच्या तोंडावर दारे लागत होती हे खरे. पण ज्यांच्यासाठी फाटकच बंद होते, त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी तिच्यापाशी नव्हती. तिच्या चरित्रातले हे पान मिटून ठेवण्याचा मोह होतो. मिटू नये.

आणि हेही पाहा : अल्थिया गिब्सन ही कृष्णवर्णीय मुलगी १९५७ आणि १९५८ अशी लागोपाठ दोन वर्षे विंबल्डन जिंकली. हौशी टेनिसमध्ये पैसा नव्हता. मग तिने गाण्यांची तबकडी काढली, चित्रपटात छोटे काम केले, प्रदर्शनीय टेनिस खेळली, आणि १९६४ साली गोल्फच्या त्याच महिला संघटनेत पहिली कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून दाखल झाली. बेबचीच वाट, पण आणखी काटेरी. तिलाही आपण 'दोन खेळांत चमकलेली अष्टपैलू' म्हणून मोकळे होतो.

आता घराकडे येते. आपल्या वांद्र्याच्या मेरी डिसूझा १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धांत २०० मीटरमध्ये कांस्यपदक आणि चौघींच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवतात. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये धावतात. १९५४ साली मनिलाला चौघींच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकतात. आणि भारताच्या हॉकी संघातूनही खेळतात. सरकारचा ध्यानचंद पुरस्कार त्यांना मिळाला तो २०१३ साली, म्हणजे हेलसिंकीनंतर एकसष्ट वर्षांनी. याच मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज महाराष्ट्राच्या वयोगटाच्या संघातून हॉकी खेळत होती. पण तिने क्रिकेट निवडले आणि त्यातच राहिली. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिने काढलेल्या नाबाद १२७ धावा आपण सर्वांनी पाहिल्या. मेरीबाईंचे गुण कमी होते आणि जेमिमाचे जास्त, असे कोण म्हणेल? फरक असा की, जेमिमाला निवडता आले. २०२३ पासून मुलींच्या क्रिकेटची व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू झाली. एका खेळावर आयुष्य उभे करता येईल अशी सोय एका खेळात का होईना, झाली. बाकीच्या खेळांतल्या मुली अजून बेबच्या वाटेवर आहेत.

ते पाहायला फार लांब जायला नको. आमच्या जिमखान्याच्या फलकावर यंदा मुलींच्या संघांच्या याद्या लागल्या, तेव्हा खो-खोच्या बारा नावांपैकी आठ नावे कबड्डीत होती, त्यांतली पाच व्हॉलीबॉलमध्ये आणि चार मैदानी स्पर्धांत. मी या चारांतली एक. आम्हाला फार खेळ येतात म्हणून नव्हे. मैदानावर यायला घरून परवानगी असलेल्या मुलीच तेवढ्या आहेत म्हणून. बाकीच्यांची पाच वाजताची एस.टी. असते, किंवा घरी धाकटी भावंडे असतात, किंवा 'आता पुरे झाले खेळणे' असे कोणीतरी म्हटलेले असते. एका आठवड्यात तीन खेळांच्या स्पर्धा आल्या तर आम्ही तिन्हींना जातो आणि तिन्हींत दुसऱ्या फेरीत हरून येतो. खो-खोत आमच्यात एक अशी मुलगी आहे की खांबाजवळ तिचा पाठलाग पाहावा. रोज दोन तास नुसता खो-खो खेळायला मिळाला तर ती राज्याच्या संघात जाईल, असे मला प्रामाणिकपणे वाटते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी तो जिंकला, म्हणजे पुढे जायला जागाही आहे. पण यंदा तिला गोळाही फेकावा लागला.

आणि स्नेहसंमेलनात मुलींतल्या 'अष्टपैलू खेळाडू'ला ढाल दिली जाते. ढालीला माझा विरोध नाही. कपाटात ती शोभून दिसते. पण जिमखाना समितीला माझी सूचना आहे की, पुढल्या वर्षी मुलींचे दोनच संघ उतरवावेत आणि त्यांना आठवड्यातले चार दिवस मैदान सायंकाळच्या ऐवजी सकाळी साडेसात ते साडेनऊ द्यावे, म्हणजे एस.टी.च्या मुलींनाही येता येईल. सकाळी मैदान मोकळेच असते. व्हॉलीबॉलचा संघ उतरला नाही तर निदान माझी तरी काही तक्रार नाही. मला व्हॉलीबॉल येत नाही, सहावी हवी म्हणून मी उभी राहत होते.